खुर्ची रिकामी आहे का?

आई-वडिलांच्या खालोखाल माझ्यावर कुणाचे उपकार असतील, तर ते रेजिना घोन्साल्विस यांचे. हे नाव मी मुद्दाम पहिल्याच वाक्यात लिहून टाकतो. पुढे लिहिताना धीर सुटला तर निदान एवढं तरी छापून येईल. मॅडम मूळच्या उत्तनच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या. ठाण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. मी आटपाडीकडचा, वडील बाजार समितीत हमाल. आमची गाठ पडायचं तसं काहीच कारण नव्हतं. ती पडली, कारण त्यांनी मला हाकलून दिलं.

माझं काम नोकरीसाठी माणसं शोधून देण्याचं. कंपनीला माणूस हवा असला की ती आम्हाला कळवते, त्याला आमच्यात रिक्वायरमेंट म्हणतात. आम्ही माणूस शोधायचा, त्याला मुलाखतीला उभं करायचं, तो रुजू झाला आणि टिकला की आमचं काम झालं. बी.कॉम. झाल्यावर कॉलेजच्या एका सरांच्या ओळखीनं मी वर्तकनगरला नीलेश सरांच्या ऑफिसात लागलो. ऑफिस म्हणजे जुन्या सोसायटीतला तळमजल्याचा फ्लॅट. स्वयंपाकघरात प्रिंटर, बेडरूममध्ये नीलेश सर आणि हॉलमध्ये आम्ही चौघं, कानाला हेडफोन लावून. आमच्या घरात टेबलाशी बसून पगार घेणारा मी पहिला. वडील गावाकडून फोन करायचे तेव्हा कामाबद्दल काही विचारायचे नाहीत. "टेबल आहे ना रं अजून?" एवढंच विचारायचे. त्यामुळे मलाही पहिल्या दिवसापासून तेवढीच धास्ती होती, की हे टेबल जाईल.

माझ्याकडे सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची भरती दिली होती. हा माणूस नेमकं काय करतो ते मला वर्षभर नीट कळलं नव्हतं, म्हणून वाचकांसाठी सांगतो. सोसायटीत पाण्याची मोटर चालवणारा असतो ना, तसा तो. पाणी येतं तोवर त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. एक दिवस नळ कोरडा पडला की सगळे गॅलरीत येऊन त्याच्या नावानं ओरडतात. ऑफिसातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले राहावेत, मेल यावेत-जावेत, साठवलेली माहिती हरवू नये आणि हरवलीच तर परत आणता यावी, हे सगळं तो बघतो. सगळ्या ऑफिसचे पासवर्ड त्याच्याकडे असतात. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

अशी माणसं नोकरीच्या वेबसाइटवर फारशी सापडत नाहीत. ती सापडतात त्यांच्या त्यांच्या ग्रुपवर. तेव्हा हे ग्रुप ईमेलवर चालत. एखाद्याचा सर्व्हर बंद पडला की तो अडचण लिहून पाठवायचा, ती सगळ्या सभासदांना जायची आणि ज्याला उत्तर येत असेल तो द्यायचा. फुकट. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं एकमेकांची नोकरी वाचवत असायची. अशा ठिकाणी आम्ही भरतीवाले घुसायचो. मयताला जमलेल्या लोकांत इन्शुरन्सची पॉलिसी विकायला यावं, तसे.

माझी पहिली जाहिरात अशीच गेली. कल्याणच्या एका ऑफिसातल्या माणसाचं मेलचं मशीन बंद पडलं होतं, मालक डोक्यावर उभा होता आणि हा बिचारा ग्रुपवर मदत मागत होता. लोक त्याला एकेक पायरी सांगत होते. त्याच मेलांच्या साखळीत मी मधेच टाकलं: "अर्जंट! अर्जंट! अर्जंट! सिस्टम अ‍ॅडमिनसाठी सुवर्णसंधी! नामांकित कंपनी! आकर्षक पगार!" आणि खाली एका प्रणालीचं नाव लिहून तिच्यात पाच वर्षांचा अनुभव हवा, असं.

पहिलं उत्तर आलं: "भावा, ही प्रणाली येऊनच दोन वर्षं झालीत. पाच वर्षांचा अनुभव ज्यानं ती बनवली त्यालासुद्धा नाही."

दुसरं: "नामांकित कंपनीचं नाव काय? की एवढी नामांकित आहे की सांगायला लाज वाटते?"

मग ग्रुप सांभाळणाऱ्या मॉडरेटरचा मेल आला. तुम्हाला काढून टाकण्यात आलं आहे. खाली नाव, रेजिना घोन्साल्विस, आणि शंका असल्यास फोन नंबर.

नीलेश सरांनी मला आधीच बजावलं होतं, "त्या ग्रुपमधून हाकललं तर आपलं अर्धं दुकान बंद. मग तुझं काय करू मी?" मी जिन्याखाली जाऊन फोन लावला.

"मॅडम, मी घोडके बोलतोय. तुम्ही मला काढलंत."

"बरं केलं. अजून काय?"

"मॅडम, माझी नोकरी जाईल."

 "कुठला रे तू?"

"आटपाडी."

"ते कुठे आलं?"

"सांगली जिल्हा. दुष्काळी भाग आहे मॅडम." हे मी का सांगितलं, मला अजून कळलेलं नाही.

त्या हसल्या. "दुष्काळातून आलास म्हणून काय लोकांच्या विहिरीत घाण टाकणार? उद्या जेवणाच्या सुट्टीत हॉस्पिटलच्या कॅन्टीनला ये. लिहायला शिकवते तुला."

मी गेलो. मॅडम उंच, आवाज मोठा, गळ्यात चाव्यांचा जुडगा. माझी जाहिरात त्यांनी छापून आणली होती. त्यातला नामांकित, आकर्षक आणि सुवर्ण हे शब्द त्यांनी पेनानं खोडले. "आता वाच."

मी वाचलं. उरलं होतं तीनदा अर्जंट, मग संधी, कंपनी, पगार.

"बघितलंस? तू काहीच लिहिलेलं नाहीस. माणूस सोमवारी सकाळी येऊन खुर्चीत बसला. पहिलं काय करणार? ते लिही. ऑफिस स्टेशनपासून चालत आहे का? सुट्टीच्या दिवशी बोलावणार का? तो कुणाला उत्तर देणार? जाहिरात वाचून माणसाला त्याचा सोमवार दिसला पाहिजे."

त्यानंतर कित्येक महिने मी दर जाहिरात आधी त्यांच्याकडे पाठवत असे. त्या लाल रंगात दुरुस्त्या करून परत पाठवायच्या. "पुन्हा डायनॅमिक लिहिलंस. डायनॅमिक म्हणजे काय, पळत येणार का तो?" मला पुन्हा ग्रुपमध्ये घेतलं होतं, पण एका अटीवर. भरतीवाल्यांच्या सगळ्या जाहिराती आता मॉडरेटरनं मंजूर केल्याशिवाय ग्रुपवर जाणार नाहीत. माझ्यामुळे हा नियम आला म्हणून बाकीचे भरतीवाले माझ्यावर डाफरत. मी मात्र सुखात होतो. कॉलेजातसुद्धा माझं लिहिलेलं कुणी इतकं मन लावून वाचलं नव्हतं.

आता सावंतांबद्दल.

भिवंडीच्या बाजूच्या एका औषधांच्या ठोक व्यापाऱ्याकडून रिक्वायरमेंट आली. मॅनेजरनी कामाची यादी जोडली होती. ती वाचून मी खुर्चीतून उठलोच, इतकी ती मॅडमच्या शिकवणीबरहुकूम होती. सकाळी आल्यावर आधी बिलिंगचं मशीन चालू आहे का पाहणे. गोदामातल्या वायरी उंदीर कुरतडतात, त्या तपासत राहणे. सर्व्हरच्या खोलीतला एसी गळतो, खाली ठेवलेली बादली रोज संध्याकाळी रिकामी करणे, शनिवारी विसरू नये. विशेषण एकही नाही. मॅनेजरनी गोपनीय म्हणून सांगितलं होतं, तेव्हा मी कंपनीचं नाव काढलं आणि बाकी जसंच्या तसं मॅडमना पाठवलं. "जमलं रे तुला," असं उत्तर आलं. जाहिरात ग्रुपवर गेली.

ग्रुप खूश झाला. "पहिल्यांदा कुणीतरी खरं लिहिलं." "बादली कंपनी देणार की आपली आणायची?" "शनिवारी विसरलं तर पोहता येणं आवश्यक, असं टाका." मी हे नीलेश सरांना वाचून दाखवत होतो. तेवढ्यात आणखी एक उत्तर येऊन पडलं.

"नमस्कार. ही यादी मी लिहिलेली आहे. ऑडिटला लागते म्हणून साहेबांनी मागच्या महिन्यात माझ्याकडून लिहून घेतली. बादली माझी आहे, घरून आणलेली. अनुभव याच जागेवरचा. अर्ज करू का? - सावंत."

त्यानंतर ग्रुपवर कुणीही काही लिहिलं नाही. 

मग फोन सुरू झाले. आधी मॅनेजर, सावंतांचा मेल त्यांच्यापर्यंत पोचला होता. "अहो घोडके, तो आत बसलाय! सगळे पासवर्ड त्याच्याकडे आहेत. त्यानं काही केलं तर उद्या इथून एक गोळी बाहेर जाणार नाही!" नीलेश सर बेडरूममधून बाहेर येऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले.  हातातला पेन मी कुठे ठेवला ते मला आठवेना. शेवटी मॅडमचा फोन आला.

"घोडके, ती खुर्ची रिकामी होती का?"

"मी विचारलंच नव्हतं, मॅडम."

"मीपण नाही विचारलं." त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान वाटला. "त्याला भेटून ये. फोन करायचा नाही. समोर जाऊन बसायचं."

सावंत खडवलीला राहायचे, स्टेशनपासून नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. रविवारी मी गेलो. रस्ताभर मी मनात वाक्यं जुळवत होतो आणि ती मोडत होती. दार त्यांनीच उघडलं. बुटके, चष्मा लावलेले, घरच्या बनियनवर.

"या. बादली बघायला आलात?"

ती दाराशीच होती. निळी, प्लॅस्टिकची, कडेला चीर पडलेली. आत तुळशीचं रोप लावलेलं.

"पासवर्डचं काय केलंत?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं, पण नीलेश सरांनी हे आधी विचार म्हणून सांगितलं होतं.

"त्याच दिवशी सगळे लिहून पाकिटात घातले, पाकीट साहेबांच्या हातात दिलं आणि पोच घेतली. ते घेताना साहेब मटकन खुर्चीत बसलेच हो. मला वाटलं, यांनाच आधी पाणी द्यावं." सावंतांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "यांनी दिलंसुद्धा असेल." सावंत हसले. मग चष्मा काढून पुसत राहिले. "सर्व्हर पाडून मी काय मिळवणार? माणसांची औषधं जातात त्याच्यातून. आणि काढतात म्हणूनही मला तेवढं वाईट वाटलं नाही. कंपनी आहे, ठेवते, काढते. पण सगळ्यांच्या आधी मला कळायला हवं होतं की नाही? लोकांनी हसून घेतलं, मग मला कळलं."

मी चहा घेतला. माफी मागितली की नाही ते आता आठवत नाही. मागितली असेल तर ती त्या चहाइतकीच कोमट असणार.

परत येताना मला वडिलांचं काम आठवत राहिलं. ट्रकवरचा माणूस खालच्याच्या पाठीवर पोतं सोडतो, तेव्हा सोडण्याआधी "घे!" म्हणून आवाज देतो. आवाज आला की खालचा पाय रोवतो, गुडघे वाकवतो, श्वास धरतो. मग पोतं येतं. वजन तेच असतं, आवाजानं ते कमी होत नाही. पण न सांगता सोडलं तर कंबर जाते. आमच्या बाजार समितीत आवाज न देणाऱ्याबरोबर कुणी जोडीला उभं राहायचं नाही.

सावंतांना मी बऱ्याच ठिकाणी पाठवलं. ग्रुपवरच्या लोकांनीही पाठवलं. कुठे वय आडवं आलं, कुठे "तेच ना, बादलीवाले?" असं विचारलं गेलं. शेवटी त्यांनी आपलं आपणच एका शाळेत काम शोधलं, आधीपेक्षा लहान. माझ्या धंद्यातली ही सल अजून गेलेली नाही. औषधवाल्यांनी मात्र दुसऱ्या जाहिरातीतून बादलीचं वाक्य काढायला लावलं. नवा माणूस आला. त्याला कुणी काही सांगितलं नाही, आणि बादली तर सावंत घरी घेऊन गेले होते. पुढे काय झालं असेल ते वाचकांनी ओळखावं.

मॅडमनी त्या आठवड्यात नियम वाढवला. मंजुरीसाठी येणाऱ्या प्रत्येक जाहिरातीखाली दोन प्रश्नांची उत्तरं लिहायची. खुर्ची रिकामी आहे का? नसेल, तर बसलेल्या माणसाला माहीत आहे का? ही उत्तरं ग्रुपवर जायची नाहीत, फक्त मॉडरेटरकडे. दुसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर जाहिरात परत.

भरतीवाल्यांनी ओरडा केला. "मॅडम, आम्ही दलाल आहोत, देवदूत नाही." त्यावर त्यांचं उत्तर, "मग दलाली दुसरीकडे करा. बाजार मोठा आहे." काही सोडून गेले. मी राहिलो. पुढे नीलेश सरांनी ऑफिस बंद केलं, मी डोंबिवलीत माझं छोटं काम सुरू केलं, ठाकुर्लीला घर झालं. ते दोन प्रश्न मात्र मी सगळीकडे बरोबर नेले. जिथे ग्रुपचा संबंध नाही तिथेसुद्धा विचारू लागलो. त्यामुळे कामं हातची गेली. तरी चालत राहिलं.

गमतीही खूप झाल्या. डोंबिवलीच्या कारखान्यांतले एक मालक मला म्हणाले, "लग्न झालेला आणि घराचे हप्ते चालू असलेला द्या. असा माणूस सोडून जात नाही." एक उमेदवार मुलाखतीची वाट बघत बसला होता, तेवढ्यात रिसेप्शनवरच्या बाईंचं मशीन अडकलं. यानं उठून दुरुस्त केलं आणि मुलाखत न देताच निघाला. मी धावत मागे गेलो, तर म्हणतो, "इथली वायरिंग बघितली ना सर. मला जगायचंय अजून."

आता ते ग्रुप फोनवर आले आहेत आणि जाहिराती मशीन लिहितं. सुवर्णसंधी परत आली, आकर्षक परत आलं. रोज सकाळी फोन उघडताना मला धाकधूक असते, की आपलं टेबल आता मशीनला देणार. मॅडमचा ग्रुप मात्र तसाच आहे, जुना, ईमेलवरचा, दोन प्रश्नांचा. चांगली माणसं अजून तिथेच असतात.

म्हणूनच मागच्या वर्षी बर्वे साहेबांनी मला बोलावलं.

बर्वे म्हणजे मॅडमच्याच हॉस्पिटलातले एचआरचे प्रमुख, सभ्य माणूस. गेली काही वर्षं त्यांच्याकडची भरती माझ्याकडे होती, वॉर्डबॉयपासून हिशेबनिसांपर्यंत. माझ्या ऑफिसातल्या दोघींचे पगार त्यावरच निघतात म्हटलं तरी चालेल. त्यांनी चहा मागवला, केबिनचं दार लावून घेतलं आणि एक कागद पुढे केला. "सिस्टम अ‍ॅडमिन हवाय. गोपनीय ठेवा."

मला वाटलं मॅडमच्या हाताखाली कुणी घेत असतील. कागद वाचायला घेतला. पहिल्याच ओळीत हात थांबला. छोटी वाक्यं. विशेषण नाही. सकाळी आल्यावर आधी आयसीयूचं मशीन चालू आहे का ते पाहणे, मग बाकीचं हॉस्पिटल. प्रत्येक कामाच्या शेवटी, अडलं तर कुणाला विचारायचं त्याचं नाव. वाचताना मला तो सोमवार दिसत होता, आणि त्या खुर्चीत बसलेलं माणूसही दिसत होतं.

"ही यादी कुणी केली, सर?"

"घोन्साल्विस मॅडमनीच. आमचं सगळं आता बाहेरच्या मोठ्या यंत्रणेवर जाणार आहे ना, म्हणून माहिती हवी असं सांगून घेतली." त्यांनी आवाज खाली आणला. "बाई चांगल्या आहेत हो. पण जुन्या झाल्या. व्यवस्थापनाला तरुण माणूस हवाय."

सावंतांची बादली माझ्या डोळ्यांपुढे आली. मॅडमच्या आईंचं डायलिसिस त्याच हॉस्पिटलात, कर्मचाऱ्यांच्या सवलतीत चालू होतं. मला ते माहीत होतं. बर्व्यांनाही माहीत असणार.

मी माझे दोन प्रश्न विचारले. पहिल्याचं उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. दुसऱ्याला बर्वे म्हणाले, "अजून नाही. माणूस मिळाला की सांगू. मधल्या काळात त्यांनी काही केलं तर? सगळ्या चाव्या त्यांच्याकडे आहेत."

"त्या काही करणार नाहीत, सर."

"तुम्ही ओळखता?"

"ओळखतो."

"मग उत्तम. आणि हे बघा, तो एक जुना ग्रुप आहे ना ईमेलवरचा, तिथे नक्की टाका. चांगली माणसं तिथेच मिळतात म्हणे. मॉडरेटर फार कडक आहे असं ऐकलंय, पण तुमची ओळख असेल."

मॉडरेटर कोण आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि बाहेर आलो. कॅन्टीनवरून जाताना आत बघायची हिंमत झाली नाही. जिन्यात मॅडम भेटल्या असत्या तर मी काय केलं असतं?

घरी गेल्यावर बायकोला सांगितलं. सविता बँकेत काम करते, तिचं डोकं माझ्यापेक्षा थंड. ती म्हणाली, "फोन कर मॅडमना. आत्ता."

"गोपनीय म्हणून दिलंय गं त्यांनी. विश्वासानं."

"मग नको घेऊस काम."

"मी नाही घेतलं तर दुसरा घेईल. तो मशीनकडून लिहून घेऊन कुठेही टाकेल. मग मॅडमना सावंतांसारखं कळणार. आणि मी दोन्हीकडून गप्प बसलेला असेन."

"म्हणजे तुला हॉस्पिटलपण नाही सोडायचं आणि मॅडमपण नाही," ती म्हणाली. टोमणा होता, पण खरा होता. पोळ्या लाटता लाटता तिनं पुन्हा विचारलं, "तुमच्या ग्रुपवर जाहिरात टाकायची रीत काय आहे?"

"आधी मॉडरेटरकडे पाठवायची. खुर्ची कुणाची, ते लिहून."

"मग रीतीनं कर ना. पण बर्व्यांना सांगून कर. त्यांच्यावर पण न सांगता पोतं टाकू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बर्व्यांना फोन केला. दोनदा नंबर चुकला. मी सांगितलं, "सर, त्या ग्रुपच्या मॉडरेटर घोन्साल्विस मॅडमच आहेत. जाहिरात मंजुरीला त्यांच्याकडेच जाते. गोपनीय म्हणून तुम्ही दिलंत, पण हे मी त्यांच्यापासून लपवून करू शकत नाही. आज दिवसात तुम्ही त्यांच्याशी बोला, तेच बरं दिसेल. संध्याकाळी माझं पत्र जाईल."

 "घोडके, तुम्ही आमचं काम सोडताय का?"

"नाही सर. नियमानं करतोय."

"हा कसला नियम? तुम्हाला कळतंय ना याचा अर्थ काय होईल?"

"कळतंय, सर."

त्यांनी फोन ठेवला. दिवसभर मी ऑफिसात बसून होतो. दोघी मुलींना काही सांगितलं नव्हतं, पण त्या एकमेकींकडे बघत होत्या. फोन वाजला की मी आधी नाव बघायचो. बर्व्यांचा नाही आला. मॅडमचाही नाही आला. ते बोलले की नाही, हे कळायला काही मार्ग नव्हता. दिवेलागणीला मी लिहायला बसलो. आयुष्यात इतक्या जाहिराती लिहिल्या, पण एवढं काळजीपूर्वक काहीच लिहिलं नव्हतं. पुढे काय झालं ते मॅडमचं आहे, त्यांना वाटेल तेव्हा त्या सांगतील. पत्र छापायची परवानगी मात्र त्यांनी दिली. एवढंच म्हणाल्या, "एक शब्द बदलू नकोस."

आदरणीय रेजिना मॅडम,

सप्रेम नमस्कार.

सोबत एक जाहिरात मंजुरीसाठी पाठवत आहे. नेहमी मी आधी जाहिरात आणि खाली दोन उत्तरं लिहितो. आज हे पत्र आधी लिहीत आहे, कारण जाहिरात उघडण्यापूर्वी तुम्ही ते वाचावं. उभ्यानं वाचत असाल तर कृपा करून बसा.

काम तुमच्या हॉस्पिटलातलं आहे. मंजुरी देणाऱ्या तुम्हीच आहात, तेव्हा आधी तुमच्याशी बोला, असं मी आज सकाळी बर्वे साहेबांना सांगितलं आहे. ते बोलले असतील तर हे पत्र शिळी बातमी समजा. बोलले नसतील तर आवाज मी देतो आहे. पाय रोवा, मॅडम.

कामाची यादी तुमच्याच हातची आहे. मी एकही शब्द बदललेला नाही. पहिल्यांदाच तुमच्याकडून आलेल्या लिखाणात मला लाल पेन लावायची वेळ आली होती आणि लावण्यासारखं काही सापडलं नाही.

आईंच्या उपचारांची सवलत पुढे चालू राहणार का, ते लेखी मागून घ्या. तोंडी कुणी काही सांगितलं तर ते धरू नका. चाव्या आणि पासवर्ड देताना पोच घ्या, सावंतांनी घेतली होती तशी. तुम्हाला हे मी सांगावं, याची मला लाज वाटते. तुमचा बायोडेटा मी लिहून ठेवला आहे. त्यात डायनॅमिक हा शब्द नाही. तुम्ही हो म्हणालात की मी तो घेऊन फिरेन, जिथे दार उघडेल तिथे आणि जिथे उघडणार नाही तिथेही.

जाहिरात नामंजूर केलीत तर मी ती कुठेही टाकणार नाही. मंजूर केलीत तर तुमच्या शब्दांत टाकीन. निर्णय मॉडरेटरचा.

तुम्ही मला हाकललंत त्या दिवशी मी जिन्याखाली उभा राहून फोन केला होता. तुम्ही उचललात. त्या एका गोष्टीवर माझं घर उभं आहे.

आता नियमाप्रमाणे उत्तरं.

खुर्ची रिकामी आहे का? नाही.

बसलेल्या माणसाला माहीत आहे का? तुम्ही इथपर्यंत वाचलं असेल, तर हो.

आपला,
घोडके